आठवी ओवी

"मास्तर, आन् आठवं नाव कुठं कोरनार?"

येसाकाकूंनी हे विचारलं तेव्हा मी शाळेच्या पटांगणात पाथरवटाच्या डोक्यावर छत्री धरून उभा होतो. पाऊस नव्हता. बहात्तर सालचा तो ऑगस्ट, पाऊस कुठंच नव्हता. पण ऊन लागतंय म्हणून संभू पाथरवट दर अर्ध्या तासानं छिन्नी खाली ठेवून लिंबाखाली जाऊन बसायचा, आणि पंधरा ऑगस्ट दोन दिवसांवर आलेला. म्हणून छत्री माझ्या हातात. माळखिंडीच्या एकशिक्षकी शाळेत मास्तराला काय काय करावं लागतं ते सांगत बसलो, तर निराळंच पुराण होईल.

"आठवं कुठलं, काकू? सातच आहेत," मी म्हणालो.

"आठ हायती."

"अहो, तुमच्याच गाण्यावरून तर घेतलीत."

"म्हनून तर इचारतीया." त्यांनी वाकून दगडाकडं पाहिलं. साठी उलटलेली बाई, कपाळावर बंद्या रुपयाएवढं कुंकू. वाचता येत नव्हतं, पण कोरलेल्या ओळीवर हात ठेवून त्यांनी विचारलं, "ह्यो शेवटचा कोन?"

"कोंडी रामोशी."

"आन् त्याच्या खाली?"

"त्याच्या खाली काही नाही. चार बोटं जागा मोकळी राहिलीय, ती शोभेला."

"शोभेला," येसाकाकू म्हणाल्या, आणि तिथंच उभ्या राहिल्या. मला राग यायला लागला. कामाच्या वेळी माणसं येऊन अशी उभी राहिली की मला अजूनही राग येतो.

आधी दगडाचं सांगतो. तीस साली जंगल सत्याग्रहात माळखिंडीची माणसं सरकारी कुरणात गवत कापायला घुसली होती. कायदा मोडायचा म्हणूनच घुसली. पोलिसांनी गोळ्या घातल्या. मेलेली माणसं पोलिसांनीच मोटारीत घालून नेली, घाटाखाली कुठंतरी जाळली. घरच्यांनी जप्तीच्या भीतीनं 'आमचं कुणी नाही' म्हणून सांगितलं. त्यामुळं कागद म्हणून कुठं नव्हता. बहात्तर साली स्वातंत्र्याचा रौप्यमहोत्सव आला, आमच्या गावाला स्मृतिस्तंभ मंजूर झाला, आणि नावं गोळा करायचं काम कुणाकडं, तर मास्तराकडं.

मी म्हाताऱ्यांना चावडीत बसवून विचारलं. कुणी सहा म्हणे, कुणी नऊ. एकानं तर असं नाव सांगितलं की तो माणूस शेजारीच तंबाखू मळत बसला होता. तीन दिवस नुसती हमरीतुमरी. तेवढ्यात माझ्या सुपीक डोक्यात आलं, की गावातल्या बायका दळताना त्या गोळीबाराचं गाणं म्हणतात. माणसामागं एक ओवी आहे. माणसं विसरतील, भांडतील, पण गाणं कशाला खोटं बोलेल? ते गाणं मूळ येसाकाकूंनी रचलेलं. मग मी वही घेऊन त्यांच्या ओसरीवर जाऊन बसलो.

नुसतं सांगायला बसल्या की काकू दुसऱ्या ओवीपाशीच अडायच्या. "हात फिरल्याबिगार तोंड फिरत न्हाई, मास्तर," म्हणाल्या, आणि पारू सुतारणीला समोर बसवून जात्यात जोंधळे घातले. मग झरझर सगळं आलं. जात्याच्या घरघरीतून मी लिहून घेतलं, सुवाच्य अक्षरात नक्कल केली, वर 'लोकगीताच्या आधारे' असा मथळा दिला आणि तालुक्याला नेऊन दिलं. बीडीओ साहेब वाचनाचे शौकीन होते. त्यांना इतकं आवडलं की त्यांनी चहा मागवला. यादी तिथल्या तिथं मंजूर. माझी छाती चार बोटं फुगली होती, खोटं कशाला सांगू.

आणि आता ही बाई म्हणत होती आठ.

"काकू, बरं, मला ती आठवी ओवी म्हणून दाखवा," मी म्हणालो.

त्यांनी इकडंतिकडं पाहिलं. जातं नव्हतं, म्हणून उजव्या हाताची मूठ हवेत गोल फिरवली आणि हलक्या आवाजात म्हटलं,

*कुकवाचा धनी माजा, पानी मागतो घोट घोट,*
*शेनीच्या आडोशाला, धरून ऱ्हायला माजं बोट.*

मला ती ओवी आठवली. चांगलीच आठवली. वहीत होती ती. नक्कल करताना मीच लाल पेन्सिलीनं तिच्यावर काट मारली होती. ह्या ओवीत नाव नाही, गोळी नाही, कुरण नाही. बायका दळताना मध्येच नवऱ्याची, भावाची, सासरची एखादी ओवी घालतात, तशी ही संसाराची ओवी चुकून घुसलीय असं मला वाटलं. शिक्षकाची खोड, विषयाला सोडून दिसलं की काट मारायची.

"पण काकू, ही तर घरातली ओवी आहे."

"घरातलीच हाय. माज्या घरातला गेला त्यो."

मी छत्री संभूच्या हातात दिली आणि काकूंना वर्गात नेलं. कारण सगळ्या गावाला माहीत होतं, की येसाकाकूंचा नवरा भैरू शेलार तीस सालीच मुंबईला गिरणीत गेला आणि तिकडचाच झाला. कुणी म्हणायचं दुसरी बायको केली, कुणी म्हणायचं बोटीवर गेला. पण तो मेला असं कुणी म्हणत नव्हतं.

"मुंबई त्यांनी डोळ्यांनी बघितली न्हाई," काकू म्हणाल्या. "पोटात गोळी घिऊन रांगत घरी आलं. सासऱ्यानं मागल्या दारी शेनी रचलेल्या हुडव्याआड निजवलं. दोन दिस काडलं. तिसऱ्या पाटं सासरा आन् धाकला दीर घिऊन गेलं रानात. लाकडं वली व्हती म्हनं."

"आणि सासूबाई?"

"त्यांना सांगायचं न्हाई, त्या धाय मोकलून रडतील, पोलीस येतील. सासऱ्यानं मला देवावर हात ठिवून शपत घातली. तोंडातनं काडायचं न्हाई, कुकू पुसायचं न्हाई. फौजदार दारात येऊन गेला. 'नवऱ्याचं नाव सांग,' म्हनला. म्या म्हनलं, बाईमानूस नवऱ्याचं नाव घेती व्हय? हसला आन् गेला. तवा ते हुडव्यामागंच व्हतं, जित्तं."

हे सगळं त्या भाजीचा भाव सांगावा तसं सांगत होत्या.

"मग आता बेचाळीस वर्षांनी शपथ मोडताय ती?"

"मोडत न्हाई. गान्यात बोलले तर बोलनं न्हवं त्ये. सासू माज्या समूर खुटा धरून दळायची, तिच्या देखत गायले म्या. आन् ह्या दगडावर नाव आलं की गावाला आपसूक कळंल, मला तोंडानं सांगाया नको. मंग ह्ये पुसता यील." त्यांनी कपाळाकडं बोट केलं. "रोज सकाळी उठून लावतीया, मास्तर. रोज. आता कट्टाळा आला."

बाहेर येऊन मी संभूला विचारलं, एक ओळ वाढवायला किती वेळ लागेल. "दोन तास," तो म्हणाला. "पर तुमी चिठ्ठी आना सायबाची. मागं एका देवळात म्या पाटलाच्या सांगन्यावरनं नाव घातलं, मला परत खरडून काडाया लावलं."

दोन तासांचं काम. त्या दोन तासांसाठी मी पुढचे दोन दिवस ज्यांच्या ज्यांच्या दारात गेलो, त्यातल्या प्रत्येकाकडं नाही म्हणायला चांगलं कारण होतं. मला अजून त्याचाच संताप येतो. एखादा तरी नालायक भेटायला हवा होता.

धाकटा दीर म्हणजे आमचे सरपंच, हैबतआप्पा शेलार. तीस साली चौदा वर्षांचे होते, आता छप्पन्न. गुऱ्हाळघराच्या पडवीत एकटेच दोरी वळत बसले होते. मी सरळ विषयाला हात घातला. आप्पांनी दोरी वळायची थांबवली नाही.

"वैनीनं सांगितलं?"

"हो."

"मंग खरं हाय," ते म्हणाले. "आबानं खांद्याकडनं धरला, म्या पायाकडनं. जड लागला."

मला हायसं वाटलं. म्हटलं, सुटलो. "मग आप्पा, उद्या बीडीओ साहेब तयारी बघायला येतायत. त्यांना एवढं सांगा आणि सही करा. बास."

"न्हाई जमायचं."

"का?"

"मास्तर, दगड आला, परवा सोळा गावची मान्सं येनार. आन् आत्ता सरपंच म्हननार, थांबा, माझा भाऊबी घाला. सुताराची पारू काय म्हनंल? रामोशाची पोरं काय म्हनतील? म्हनतील, बगा, फुकटचं मोठेपन मिळतंय म्हनल्यावर घुसवला भाऊ."

"खरं आहे ना पण ते?"

"खरं हाय ह्ये दाखवू कसं? उलटं दाखवाया माज्याकडं लई हाय." त्यांनी दोरी खाली ठेवली. "पत्रं हायती."

"कसली पत्रं?"

"भैरूदादाची. मुंबईवरनं आलेली."

"मेलेला माणूस पत्रं लिहितो होय?" मी म्हणालो.

"म्या लिवली. चौथी पास व्हतो. आई जेवंना, म्हनून आबा म्हनला लिव. सातारला जाऊन पेटीत टाकायचो, म्हंजी शिक्का बसायचा, कुठला त्ये गावात कोन वाचतंय. पोस्टमन आनायचा आन् मीच आईला वाचून दावायचो. मिलमधी पगार वाढला, खोली बदलली, औंदा सुट्टी न्हाई. सबंद गाव ऐकाया यायचं. आई एकावन्न साली गेली तवा शेवटचं पत्र तिच्या उशाला व्हतं." आप्पांनी तळहात धोतराला पुसले. "एकवीस वर्सं गावाला पत्रं वाचून दावली म्या. आता कुठल्या तोंडानं सांगू?"

"ज्या तोंडानं वाचली त्याच तोंडानं," मी म्हणालो. माझी जीभ तेव्हा अशीच होती. आता दात गेल्यानं जरा मऊ झालीय.

आप्पांना राग आला नाही. त्यांनी दोरी परत उचलली. "तुमी तीन सालानं बदलून जाल, मास्तर. मला हितंच मरायचं हाय."

तिथून निघालो तो तणतणतच येसाकाकूंच्या घरी गेलो. दीर-भावजय एकाच वाड्यात, पण चुली वेगळ्या. काकू तांदूळ निवडत होत्या. खरं तर माझा राग आप्पांवर होता, माझ्या लाल पेन्सिलीवर होता. पण राग पाण्यासारखा, उताराकडंच धावतो. समोर ही गरीब बाई सापडली.

"काकू, एक नाव गाण्यात घातलं असतंत तर आज ही वेळ आली असती का? परक्या सात माणसांची नावं आडनावासकट घेतलीत आणि आपल्या माणसाचं तेवढं राहिलं. कुकवाचा धनी, कुकवाचा धनी. कुकवाचा धनी दगडावर कोरायचा का मी?"

त्यांनी सूप खाली ठेवलं. "नवऱ्याचं नाव घेतात व्हय?"

"मेलेल्याचंही नाही?"

"मेला म्हनून कुनी सांगितलंय अजून?" त्या म्हणाल्या. "आन् तुमी इचारलं न्हाई. तुमी मला म्हनला, काकू, म्हना, म्या लिवून घेतो. म्या म्हनलं. मधी एक डाव थांबवून ही ओवी कुनाची म्हनून इचारलं असतं, तर पारूला उठवून म्या सांगितलं असतं."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. गाणं हा पुरावा आहे असं मीच सरकारला पटवलं होतं, आणि त्या पुराव्याचा आठवा भाग मीच कापला होता. मी तिथं उंबऱ्यावर बसून राहिलो. काकूंनी मला पाण्याचा तांब्या दिला आणि पुन्हा तांदूळ निवडायला बसल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी साहेबांची जीप आली. स्तंभ, मंडप, पताका सगळं बघून ते खूश झाले. मग मी त्यांना बाजूला घेऊन सगळं सांगितलं. चूक माझी, तेही सांगितलं. ते ऐकताना त्यांचा चेहरा पडत गेला.

"गुरुजी, तुमच्याच सहीच्या कागदावर सात ओव्या आहेत."

"साहेब, तुम्ही स्वतः ऐका. बाई जिवंत आहे, जातं जागेवर आहे."

साहेब भला माणूस, म्हणाले चला. येसाकाकूंच्या ओसरीवर त्यांच्यासाठी घोंगडी टाकली. पारू सुतारीण बोलावल्याबरोबर आली. तिला काही माहीत नव्हतं. साहेबांना गाणं ऐकायचंय एवढंच तिला सांगितलं होतं. तिचा बाप, बाळा सुतार, दगडावर पहिलाच होता. हैबतआप्पाही आले, सरपंच म्हणून यावंच लागलं, आणि अंगणात कडुलिंबाला टेकून उभे राहिले.

जातं सुरू झालं. काकूंचा आवाज काही गोड वगैरे नव्हता, घोगरा होता. पण हात फिरायला लागला की त्या निराळ्याच व्हायच्या.

*बाळा सुताराचा इळा, गवतात ऱ्हायला पडून,*
*माय इचारती वाटंला, कुनी पाह्यला का दडून.*

पारूनं नेहमीप्रमाणं बापाच्या ओवीला मान खाली घातली. साहेबांच्या हातात माझा कागद होता, ते एकेका ओळीवर पेन टेकवत होते. दुसरी, तिसरी, चौथी. सगळं अक्षर न् अक्षर जुळत होतं. सातवी झाली, कोंडी रामोशाची. साहेबांनी पेन थांबवलं.

काकूंनी जात्यात मूठभर जोंधळ्यांची वैरण घातली. एक फेरा नुसताच गेला, दुसरा नुसताच गेला. मला वाटलं, राहिलं. ही बाई काही बोलत नाही.

*भैरू शेलार धनी माजा,*

पारूचा हात खुंट्यावर थांबला. जातं थांबलं. तिनं काकूंच्या तोंडाकडं पाहिलं, कारण तिच्या उभ्या जन्मात तिनं त्या तोंडून ते नाव ऐकलं नव्हतं. काकूंनी ओढून पाहिलं, पण जातं एकटीच्या हातानं हलेना. मग थांबलेल्या जात्यावर हात ठेवून त्यांनी उरलेलं म्हटलं, गाण्यासारखं नाही, बोलल्यासारखं.

"पानी मागतो घोट घोट. शेनीच्या आडोशाला, धरून ऱ्हायला माजं बोट."

आणि पदराच्या टोकानं कपाळ पुसलं. एकदा पुसून गेलं नाही. घट्ट मेण लावून लावलेलं कुंकू ते. त्यांनी थुंकी लावून परत पुसलं, परत पुसलं, कपाळ लाल झालं तोवर. मग उठून आत गेल्या. पारू "काकू" म्हणत मागोमाग आत गेली, आणि आतून तिच्याच रडण्याचा आवाज यायला लागला. काकूंचा आला नाही.

साहेबांनी चष्मा काढून पुसला. बराच वेळ पुसत होते. मग उठून आप्पांपाशी गेले.

"सरपंच, भैरू शेलार म्हणजे तुमचे थोरले बंधू ना?"

"व्हय."

"मी अडवत नाही. गुरुजींची चूक झाली असं टिपण मी लिहितो. पण रक्ताच्या माणसाची सही लागेल, की हे तीस साली गोळीनं वारले. तुम्ही सही करा. आत्ता, इथंच. दोन तासांत नाव कोरून होईल."

साहेबांनी पेन पुढं केलं. मी मनात म्हटलं, धर रे बाबा. घरातून पारूच्या रडण्याचा आवाज येत होता, तो आप्पांनाही ऐकू येत असणार. आप्पांनी पेनाकडं पाहिलं. त्यांचा हात खिशापर्यंत गेला, चष्मा काढायला जातो तसा. मग तिथंच राहिला.

"त्यो मुंबईला गेला, सायेब," आप्पा म्हणाले. "पत्रं हायती माज्याकडं."

मी ओरडलो. काय ओरडलो ते आठवत नाही, पण सरपंचाशी मास्तरानं असं बोलायचं नसतं एवढं आठवतं. साहेबांनी माझा दंड धरला आणि जीपकडं नेलं.

"गुरुजी, माझा तिच्यावर विश्वास आहे," ते म्हणाले. "पण मी कागदावर काय लिहू? महिन्यापूर्वीच्या गाण्यात नाव नव्हतं, आज आहे, आणि सख्खा भाऊ नाही म्हणतोय. उद्या दुसरी बाई आणखी एक नाव घालून गाईल. तुम्हीच सांगा, मी काय लिहू?"

"माझ्या काट मारलेल्या वहीवरून लिहा."

"त्या वहीतल्या ओवीतही नाव नाहीच."

ते खरं होतं. जीप धुरळा उडवत गेली. मी परत वाड्याकडं वळलो, पण दारापर्यंत गेलोच नाही. आत त्या बाईला वाटत होतं की काम झालं. नाव घेतलं, आता कोरलं जाणार. तिला हे सांगायचं माझ्यात धैर्य नव्हतं. शाळेत जाऊन मी खडूची पेटी भिंतीवर फेकून मारली. नंतर सगळे तुकडे मलाच गोळा करावे लागले.

पंधरा ऑगस्टला सोळा गावची माणसं आली. पाहुण्यांनी पडदा बाजूला केला, सात नावं वाचली, टोप्या निघाल्या, बँड वाजला. येसाकाकू बायकांच्या मागं उभ्या होत्या, कपाळ मोकळं. आजूबाजूच्या बायका आधी चमकल्या, मग कुजबुजल्या. "कोन गेलं, कोन गेलं?" पारू कुणाला काहीतरी सांगत होती. भोंग्याच्या आवाजात पाहुण्यांनी काय वाचलं ते मागं नीट ऐकू येत नव्हतं, हे माझं नशीब म्हणा.

त्यानंतर मी चार अर्ज केले. एकाला उत्तर आलं, 'प्रकरण नस्तीबद्ध,' म्हणजे फाईल बंद. दोन वर्षांनी माझी बदली झाली. गावात पिठाची गिरणी आली, जाती परसात पालथी पडली, आणि ते गाणं आता कुणाला पाहिजे असेल तर माझ्या त्या सुवाच्य नकलेतच मिळतं. सात ओव्या. खाली माझी सही. मध्ये कुणीतरी त्या नकलेवर लेख लिहिला, त्यात माझे आभारही मानलेत. मी तो लेख फाडून टाकला.

पण त्या दिवशीचं सांगायचं राहिलं. सभा संपली, माणसं पेढ्यांकडं गेली. स्तंभापाशी मी एकटाच सतरंज्या गुंडाळत होतो. येसाकाकू आल्या.

"मास्तर, वाचून दावा."

"पाहुण्यांनी वाचलं की मघाशी."

"मला ऐकू आलं न्हाई. तुमी वाचा."

त्यांनी पहिल्या ओळीवर हात ठेवला. मी वाचलं, "बाळा राघू सुतार." हात एक ओळ खाली आला. मी दुसरं नाव वाचलं. मी वाचत गेलो, हात उतरत गेला. सातवं, "कोंडी येसू रामोशी." हात खाली आला, त्या मोकळ्या चार बोटांवर. समोर काही नव्हतं आणि मी वाचलं, "भैरू बाबू शेलार."

काकूंनी हात तिथंच फिरवला. डावीकडून उजवीकडं, परत डावीकडं.

"मास्तर, हितं गुळगुळीत लागतंय."

मी गुंडाळलेली सतरंजी उगाच सारखी केली.

"न्हाई कोरलं व्हय?"

"नाही, काकू. सही मिळाली नाही."

कुणाची, ते त्यांनी विचारलं नाही. पेढ्यांच्या गर्दीत आप्पा पाहुण्यांना हार घालत होते, तिकडं त्यांनी एकदा पाहिलं. मोकळ्या कपाळावर घाम आला होता तो पदरानं टिपला. हात दगडावरून काढला नाही.

"ऱ्हाऊ द्या," त्या म्हणाल्या. "परत वाचा."

मी परत वाचलं. पहिल्यापासून, आठही.